कॉलेजचा रोइंग कोच म्हणून आयुष्य काढायचं म्हणजे काय?

तुझा प्रश्न थोडक्यात असा, की तू थर्ड इयरला आहेस, दोन सीझन कॉक्स्ड फोरमध्ये (चार वल्हवणारे आणि दिशा सांभाळणारा एक कॉक्स अशी बोट) तीन नंबरच्या सीटवर वल्हवलंस, आता प्लेसमेंटला बसण्यापेक्षा कॉलेजचा रोइंग कोच व्हावं असं मनात आलंय, घरचे म्हणतायत ह्याला करिअर म्हणत नाहीत, आणि अमेरिकेतल्या हार्वर्ड युनिव्हर्सिटीचा रोइंग कोच हॅरी पार्कर एकाच बोट हाउसवर ५० वर्षं टिकला हे वाचल्यापासून तुला वाटतंय की माणूस एवढी वर्षं एकच काम कसा करत राहिला आणि ते आपल्याकडं कुणाला जमेल का. मी पुण्यात कॉलेजच्या पोरांना २६ वर्षं शिकवतोय. उत्तर लांब होणार आहे, निवांत वाच.

आधी पार्करचं सांगतो. त्याचे आकडे सगळ्यांना पाठ असतात, म्हणजे १९६३ ते २०१३ असे ५१ सीझन हेड कोच, येलविरुद्धच्या वार्षिक शर्यतीत ४४ वेळा जिंकला आणि फक्त ७ वेळा हरला, त्यात पहिल्याच वर्षापासून सलग १८ विजय, १९८१ मध्ये पहिल्यांदा येलनं हरवलं. ही शर्यत आपल्या २००० मीटरची नव्हे, कनेक्टिकटमधल्या थेम्स नदीवर ४ मैलांची असते, जवळपास साडेसहा किलोमीटर, वीसेक मिनिटं सलग मारायचं. १८५२ पासूनची आहे, अमेरिकेतल्या कॉलेज-कॉलेजमधल्या कुठल्याही खेळाची ती पहिली स्पर्धा मानतात. एवढं वाचलं की वाटतं हा माणूस जन्मतःच वेगळा असणार. पण तोसुद्धा तुझ्यासारखाच कॉलेजात आल्यावर वल्ह्याला लागला, पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटीत, विषय तत्त्वज्ञान, आणि कोच मिळाला जो बर्क, जो स्वतः १९३८ आणि १९३९ ला इंग्लंडमधल्या हेन्लीची डायमंड स्कल्स ही एकट्यानं वल्हवायची शर्यत जिंकलेला. पुढं पार्कर सिंगल स्कल्समध्ये, म्हणजे एकट्यानं दोन वल्ही मारत, १९५९ च्या पॅन अमेरिकन गेम्सला सुवर्ण आणि १९६० च्या रोम ऑलिंपिकला पाचवा. त्यानंतर हार्वर्डला आला तो फ्रेशमन मुलांचा कोच म्हणून, म्हणजे ज्यांना काहीच येत नाही त्यांना शिकवायला. १९६३ च्या सीझनमध्ये हेड कोच हार्वी लव्ह अचानक वारले आणि २७ वर्षांच्या पार्करच्या गळ्यात ती जबाबदारी पडली. ठरवून, इंटरव्ह्यू देऊन वगैरे काही झालं नाही.

आता त्या ५१ आकड्याकडं जरा वेगळ्या नजरेनं बघ. कॉलेजचा पोरगा चार वर्षं असतो. क्रिकेटच्या क्लबात एक चांगला बॅट्समन सापडला की १२-१५ वर्षं तोच खेळतो, कोचचं नाव होतं. आपल्याकडं पोरगं जरा कुठं वल्हं पाण्यात नीट ठेवायला लागतं तोवर त्याचं कॉन्व्होकेशन येतं. पार्करनं ५१ वर्षांत एकच क्रू चालवली नाही, जवळजवळ १३ वेळा अख्खं बोट हाउस रिकामं होऊन परत भरलं. मी २६ वर्षांत सहा-साडेसहा वेळा. दर वर्षी पहिल्या दिवशी तेच वाक्य, वल्ह्याची दांडी मुठीत आवळू नकोस, बोटांत अडकव, आणि ते वाक्य त्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा ऐकलेलं असतं, तुझ्या तोंडून तीनशेव्यांदा निघत असतं. तुला हे काम जमेल की नाही ह्याचा माझ्याकडं एकच निकष आहे, तीनशेव्यांदा ते सांगताना तुझं लक्ष त्याच्या बोटांवर आहे की घड्याळावर. फायनलच्या दिवशी काठावर उभं राहायला कुणालाही आवडतं. जे कोच लवकर सोडून गेले ते बहुतेक फायनलसाठी आले होते असं मी बघितलंय, आणि ह्यात त्यांची टिंगल अजिबात नाही, चांगले वल्हवणारे होते ते, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवीन पोरांना पंटमध्ये, म्हणजे सपाट बुडाच्या बोटीत, बसवून तासन् तास नुसतं ब्लेड, म्हणजे वल्ह्याचं पातं, फिरवायला शिकवण्यात त्यांचा जीव रमला नाही.

दुसरी गोष्ट, टिकायचं असेल तर आपल्याला शिकवलं तसंच शिकवत राहून चालत नाही. पार्कर रोमला स्वतः सिंगलमध्ये होता तेव्हाच तिथं मोठी घटना घडली, १९२० पासून १९५६ पर्यंत प्रत्येक ऑलिंपिकला एटचं, म्हणजे आठ जणांच्या बोटीचं, सुवर्ण अमेरिकेचं होतं, सलग आठ वेळा, ती साखळी जर्मन क्रूनं तोडली. त्या क्रूमागचा माणूस कार्ल अ‍ॅडम, रात्झेबुर्ग गावचा शाळामास्तर, जो स्वतः कधी रेसिंगमध्ये वल्हवलेला नव्हता. त्यानं अ‍ॅथलेटिक्समधलं इंटरव्हल ट्रेनिंग पाण्यावर आणलं, म्हणजे रोज लांबच लांब संथ मारत बसण्यापेक्षा छोटे जोरदार तुकडे, मध्ये मोजून विश्रांती, परत तुकडा. रिगिंग, म्हणजे वल्ही बोटीला बसवायची मांडणी, बदललं, वल्ह्याचं पातं रुंद केलं. पार्करनं ह्या गोष्टी अमेरिकेत फार लवकर उचलल्या, स्विस बनावटीच्या हलक्या बोटी आणल्या, आणि हिवाळ्यात चार्ल्स नदी गोठायची तेव्हा पोरांना हार्वर्ड स्टेडियमच्या काँक्रीटच्या पायऱ्या चढायला लावायचा, ३७ सेक्शन, एक चढ, खाली ये, पुढचा चढ, आणि बरोबर स्वतःही पळायचा. साठी उलटल्यावरही पळायचा, स्कलिंग करायचा. पोरं त्याला हरवायला धडपडायची म्हणे, आणि बरीच वर्षं जमत नव्हतं.

त्यांची नदी गोठते, आपली फुगते, एवढाच फरक. खडकवासल्यातून पाणी सोडलं की आपलं जून-जुलै ते सप्टेंबर पाण्यावर जाणं बंद, तेव्हा एर्ग, म्हणजे जमिनीवरचं वल्हवायचं मशीन, आणि पायऱ्या. मी पर्वतीच्या पायऱ्या लावतो. आधी मी नुसता खाली उभा राहून वेळ घ्यायचो, नंतर बरोबर चढायला लागलो आणि पोरांच्या वागण्यात फरक दिसला, चढताना दम लागलेल्या माणसाला पोरं खरं काय ते सांगतात, गुडघा दुखतोय, सबमिशन राहिलंय, घरी प्रॉब्लेम आहे. खाली घड्याळ घेऊन उभ्या माणसाला ती फक्त टायमिंग सांगतात.

आता गप्प बसण्याबद्दल, हे मला शिकायला फार वर्षं लागली. पार्करबद्दल त्याचे जुने विद्यार्थी सगळ्यात जास्त काय सांगत असतील तर तो बोलायचा नाही. प्रॅक्टिस संपेपर्यंत लाँचमध्ये उभा, एखादं वाक्य. मी ह्याच्या बरोबर उलटा होतो. आमच्याकडं बरीच वर्षं मोटरची लाँच नव्हती, मी काठावरच्या पायवाटेनं सायकलवर, एका हातात भोंगा, आणि सारखं चालूच, तीन नंबर लेट, बो हात वर, दोन नंबर स्लाइड हळू, स्ट्रोक रेट किती, तीन नंबर परत लेट. मला वाटायचं एवढं बोलतोय म्हणजे एवढं शिकवतोय. मग एका जानेवारीत सकाळी धुकं होतं, भोंग्याचे सेल गेले, आणि पाण्यापासून मी इतका लांब की ओरडून काही पोचेना. चाळीस मिनिटं नुसता बघत सायकल मारली. पहिली दहा मिनिटं बोट वाकडीतिकडी चाललेली, डावीकडं कलायची, मग हळूहळू कलणं थांबलं. संगमाकडून वळून परत आली तेव्हा चारही ब्लेड एकदम पाण्यात जात होती, आवाज एकच, टक्, आणि मागं चार भोवरे एका अंतरानं सुटलेले. पोरं उतरली तेव्हा कॉक्स, बारीक चणीची मुलगी होती, दोन्ही पाय चिखलात, मला म्हणाली सर आज बोटीखालचे बुडबुडे ऐकू आले. बोट नीट पळत असली की बुडाखालून पाण्याच्या बुडबुड्यांचा बारीक आवाज येतो, जे वल्हवलेत त्यांना माहिती आहे. माझ्या भोंग्याखाली तो आवाज त्यांना कित्येक महिने ऐकूच आला नव्हता. त्या दिवसापासून मी एका फेरीला एकाच पोराशी, एकच गोष्ट बोलतो. ती सुधारली की नाही हे बघेपर्यंत दुसरी काढत नाही. हे लिहायला सोपं आहे, बाकीच्या तीन चुका डोळ्यांना दिसत असताना तोंड बंद ठेवणं अवघड आहे, आजही.

तू निवडीबद्दलपण विचारलंयस, बोटीत कोण बसणार हे कसं ठरवायचं आणि ज्याला काढला त्याच्याशी कसं बोलायचं. ह्याच्यावर जरा थांबतो कारण कोचवरचा विश्वास इथंच टिकतो किंवा जातो. पार्कर सीट रेसिंगवर भर द्यायचा आणि मीही देतो. पद्धत अशी. दोन फोर शेजारी शेजारी लावायच्या, समज अ आणि ब. दोघींनी ठरलेल्या रेटला, समज मिनिटाला २८ स्ट्रोक, १००० मीटर मारायचं. अ पुढं आली ३ सेकंदांनी. आता दोन्ही बोटी जवळ आणायच्या, अ मधला तीन नंबर ब मध्ये आणि ब मधला अ मध्ये, बाकी सगळे तिथंच, आणि कोण बदलणार हे आधी कुणालाच सांगायचं नाही. थोडी विश्रांती, परत १०००. ह्या वेळी अ मागं राहिली १ सेकंदानं. पुढं ३ होती ती मागं १ गेली म्हणजे एकूण ४ सेकंद फिरले, पण हे ४ दोन बोटींत वाटले गेलेत, एकीनं जेवढं गमावलं तेवढं दुसरीनं कमावलं, म्हणून त्या दोन पोरांमधला फरक निघाला २ सेकंदांचा. १००० मीटरला २ सेकंद म्हणजे बऱ्यापैकी मोठा फरक. वारा बदलला, पोरं दमली, तर आकडा गढूळ होतो, म्हणून एका दिवसात फार जोड्या लावायच्या नाहीत आणि संशय आला तर दुसऱ्या दिवशी परत.

२००४ च्या सुमाराला माझ्याकडं एक उंच दणकट पोरगा होता, एर्गवर सगळ्यांच्या पुढं, आणि एक पाच फूट सहा इंचाचा, एर्गवर बराच मागं. मी उंचाला बोटीत बसवला, बुटक्याला राखीव. विचारच केला नाही. सीझन खराब गेला. शेवटी महिनाभर आधी सीट रेस लावली तर बुटका जवळपास दीड सेकंदानं पुढं. कारण नंतर कळलं, आणि हे तू नीट समजून घे. कॉक्स्ड फोरची बोट नियमानं कमीत कमी ५१ किलो, आणि त्यात चार पोरं मिळून ३०० किलो. स्ट्रोक संपल्यावर हे ३०० किलो स्लाइडवरून, म्हणजे सरकत्या सीटवरून, स्टर्नकडं, बोटीच्या मागच्या टोकाकडं, परत येतं. हळू आलं तर बोट त्यांच्या खालून पुढं पळत राहते. धावत आलं आणि फुटस्ट्रेचरवर, पाय अडकवायच्या फळीवर, धाडकन थांबलं तर तो सगळा धक्का बोटीला मागं ढकलतो, पुढचा स्ट्रोक मारायच्या आधीच वेग गेला. एर्ग जमिनीवर असतो, तो ह्या धक्क्याची शिक्षा करत नाही, वजनाचीही करत नाही. उंच पोरगा ताकदीनं जेवढं देत होता त्यातलं बरंच स्लाइडवर परत घेत होता, आणि बुटका मांजरासारखा यायचा. चूक माझी होती, मी दोघांना एकत्र बसवून तसं सांगितलं, आकडे कागदावर लिहून दाखवले. उंच पोरगा रडला, दोन दिवस आला नाही, तिसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला स्लाइड शिकवा. पुढच्या वर्षी तो बोटीत होता. काढलेल्या पोराशी कसं बोलायचं ह्याचं माझ्याकडं एवढंच उत्तर आहे, आकडे दाखव, स्वतः सांग, नोटीस बोर्डावर लिस्ट लावून पळून जाऊ नकोस.

तुला वाटत असेल मोठ्या कोचला सगळं जमूनच येतं. १९६८ चं सांगतो. मेक्सिको ऑलिंपिकसाठी अमेरिकेच्या एटची निवड चाचणी लाँग बीचला होती, फायनलला एकीकडं पार्करची हार्वर्ड, दुसरीकडं जो बर्कची पेन, म्हणजे शिष्य विरुद्ध गुरू. हार्वर्ड जिंकली ०.०५ सेकंदानं. एवढं करून मेक्सिकोला गेले, तिथं उंची २२४० मीटर, हवा विरळ, आजारपणं, आणि फायनलला सहावे म्हणजे शेवटचे आले. त्या क्रूतल्या पोरांनी कृष्णवर्णीय धावपटूंच्या हक्कांच्या चळवळीला उघड पाठिंबा दिलेला. २०० मीटरच्या पदक समारंभात टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस ह्यांनी काळे हातमोजे घालून मूठ उंचावली तेव्हा शेजारच्या पीटर नॉर्मनच्या छातीवर जो बिल्ला होता तो ह्याच बोटीच्या कॉक्सनं, पॉल हॉफमननं, दिलेला. हॉफमनची चौकशी झाली, फायनलला बसू देतात की नाही अशी वेळ आली, शेवटी बसू दिलं. वरचे लोक नाराज होते तरी पार्करनं पोरांची तोंडं बंद केली नाहीत. मला त्याच्या १८ विजयांपेक्षा हे जास्त मोठं वाटतं. कॉलेजची पोरं म्हणजे नुसते हातपाय नव्हेत, त्या वयात ती जगाबद्दल काहीतरी ठरवत असतात, आणि कोच रोज पहाटे त्यांच्यासमोर असतो. चार वर्षांनी, १९७२ ला म्युनिकला त्याच्या एटला रौप्य मिळालं.

आणि मग तो बायकांच्या क्रूकडं वळला. १९७५ ला अमेरिकन महिला एट त्यानं तयार केली, नॉटिंगहॅमच्या जागतिक स्पर्धेत पूर्व जर्मनीच्या मागं रौप्य, आणि १९७६ ला माँट्रियलला ऑलिंपिकमध्ये महिला रोइंग पहिल्यांदाच आलं तिथं कांस्य. त्या काळी बायकांना १००० मीटरच ठेवलेलं, २००० झालं १९८५ पासून. हे मी मुद्दाम सांगतोय कारण २००५ मध्ये मी मुलींची फोर सुरू करायला गेलो तेव्हा मला ज्या अडचणी सांगितल्या त्या ऐकून डोकं फिरायची वेळ आली, कपडे बदलायला खोली नाही, पहाटेची वेळ, पालक काय म्हणतील, दोन जणींसाठी बोट कशाला अडवायची. खोलीचं एका आठवड्यात झालं, जुनी वल्ह्यांची खोली रिकामी केली, आतून कडी बसवली. पालकांना मी घरी जाऊन भेटलो, एकेका घरी दोनदा. मुलींना शिकवताना एक गोष्ट मला दिसली ती सांगतो, ती सगळ्यांना लागू असेल असा दावा नाही, पण पोरं जिथं ताकदीनं चूक झाकतात तिथं त्यांना झाकायला जागा नव्हती म्हणून त्यांचा कॅच, म्हणजे ब्लेड पाण्यात घालणं, दोन महिन्यांत पोरांपेक्षा स्वच्छ झाला. मग मी पोरांना काठावर बसवून मुलींची बोट बघायला लावली.

पुण्याच्या पाण्याबद्दल तुला माहितीच आहे तरी लिहितो, कारण घरच्यांना वाटतं हा खेळ परदेशातला. इंजिनिअरिंग कॉलेजचा बोट क्लब १९२८ चा आहे, तिथली रेगाटा, ती मशाल डान्स, कयाकचे बाण, पंट फॉर्मेशन बघायला अख्खं पुणं काठावर येतं. रॉयल कॉनॉट बोट क्लब तर १८६८ चा. बंडगार्डनच्या बंधाऱ्यामुळं मागं पाणी तुंबून राहतं म्हणून मुळा-मुठेत वल्हवता येतं, तो बंधारा जमशेटजी जीजीभाईंच्या पैशातून झाला. आणि त्याच तुंबलेल्या पाण्यात उन्हाळ्यात जलपर्णी येते. मार्चपासून ती एवढी वाढते की ब्लेड अडकतं, क्रॅब लागतो, दांडी पोटात बसते. आमची पोरं कितीतरी सकाळी वल्हवण्याऐवजी जलपर्णी ओढत बसतात, पाण्याचा वास सहन करत. ह्या नदीवर माझा जीव आहे आणि तिची ही अवस्था बघून मला दर वर्षी त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

आता एक कटू गोष्ट. भारतात मोठे रोअर, म्हणजे वल्हवणारे, बहुतेक कॉलेजातून येत नाहीत, आर्मीतून येतात. दत्तू भोकनळ घे, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा, विहिरी खोदायचं काम केलेला, २०१२ ला सैन्यात गेला, तिथं वल्हं हातात आलं, २०१६ ला रिओमध्ये सिंगल स्कल्सला तेरावा आणि २०१८ च्या एशियाडला क्वाड्रपल स्कल्समध्ये, म्हणजे चौघांच्या बोटीत, सुवर्ण. त्याच्या आधी २०१० च्या एशियाडला सुवर्ण मिळवलेला बजरंगलाल ताखर, तोही सैन्यातला. आपल्या शहरातच सीएमईत, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअरिंग कॉलेजात, आर्मीचं रोइंग नोड, म्हणजे ट्रेनिंगचं केंद्र आहे, तिथली पोरं दिवसातून दोनदा-तीनदा पाण्यावर असतात, त्यांचं कामच ते आहे. तुझी पोरं पावणेसहाला येतात आणि साडेआठचं लेक्चर गाठतात. ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला एखादं पदक आलं तर आपली दिवाळी. हे मनापासून मान्य असेल तर ह्या कामात ये, दत्तू घडवायच्या इराद्यानं आलास तर चार-पाच वर्षांत कडवट होशील. आर्मीच्या कोचला रोअर मिळतो. तुला इंजिनिअर होणारा, सीए होणारा, शेतीवर परत जाणारा मुलगा मिळतो, ज्याला चार वर्षं बोटीत बसायचंय. माझ्या मते ते काम कमी नाही, पण वेगळं आहे.

जबाबदारीचं एक. २००३ च्या मेमध्ये वळवाचा पाऊस अचानक आला, आकाश पश्चिमेकडून काळं झालेलं मला दिसलं होतं आणि मी आणखी एक फेरी मारू दिली. वाऱ्यानं लाट उठली, फोरमध्ये पाणी भरलं, बोट पाण्याच्या पातळीला. पोरं घाबरून पोहायला लागणार तेवढ्यात कॉक्स ओरडला, बोट सोडू नका. रेसिंग शेल भरली तरी तरंगते, तिला धरून राहिलं की माणूस दिसतो आणि दमत नाही, पोहत सुटलेला माणूस सापडत नाही. वीस मिनिटं धरून होती. सगळी सुखरूप आली, एकाचा चष्मा गेला. मी त्या रात्री झोपलो नाही. तेव्हापासून बोट हाउसच्या दारात फळा आहे, पाण्यावर जाणाऱ्या प्रत्येकाचं नाव खडूनं लिहायचं, परत आल्यावर त्यानंच पुसायचं, आणि फळा कोरा झाल्याशिवाय मी कुलूप लावत नाही. ज्याला कपड्यांनिशी ५० मीटर पोहता येत नाही त्याला मी बोटीला हात लावू देत नाही, कितीही ताकदीचा असो. आणि ढग गडगडला की बाहेर, चर्चा नाही.

पैशांचं, कारण घरच्यांचा मुद्दा तोच आहे आणि तो बरोबर आहे. अमेरिकेत हेड कोच ही कॉलेजची पगारी नोकरी असते. आपल्याकडं नुसता रोइंग कोच म्हणून कॉलेजात फुल टाइम जागा जवळपास नसते. शारीरिक शिक्षण संचालक व्हायचं तर एमपीएड आणि नेट किंवा सेट लागतं, मग इतर सगळे खेळ, क्रीडा महोत्सव, फाइली सांभाळून उरलेल्या वेळात नदी. नाहीतर मानधनावर. मी पहिली ९ वर्षं मानधनावर होतो आणि दिवसभर भोसरीत फॅब्रिकेशनच्या वर्कशॉपमध्ये काम करायचो, ते एका अर्थी उपयोगी पडलं, रिगर वेल्ड करायला, फायबरचा पॅच मारायला मला कुणाकडं जावं लागत नाही. एका कॉलेजनं तर एका वर्षी माझं मानधन सात महिने अडकवलं आणि बोटी दुरुस्तीचा खर्च हेड चुकीचं आहे म्हणून परत पाठवला, त्या वर्षी घरात भांडणं झाली, बायकोनं शिकवण्या घेऊन घर चालवलं. हे तुला सांगणं माझं कर्तव्य आहे. तू डिग्री पूर्ण कर, नोकरी लागली तर घे, सकाळी नदीवर ये. एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) कोचिंग डिप्लोमा, वर्ल्ड रोइंगचे लेव्हल १ पासूनचे कोर्स, हे दोन-तीन वर्षांत बघ. आणि बोट दुरुस्त करायला शीक, कारण दुरुस्तीला पैसे कधीच नसतात.

दर मेमध्ये एक बॅच जाते. निरोपाच्या दिवशी पोरं वल्ह्याच्या पात्यावर सह्या करून ठेवतात, बोट हाउसच्या भिंतीवर अशी वल्ही आहेत, जुन्या सह्या पुसट झाल्यात. २००४ चा तो बुटका आता पन्नास माणसांची कंपनी चालवतो, दोन वर्षांपूर्वी मुलाला घेऊन आला होता, मुलाला बोटीत बसवलं आणि स्वतः काठावर उभा राहून बघत होता, एक शब्द बोलला नाही, मुलाची स्लाइड घाई करत होती हे त्याला दिसत होतं.

पार्करला २०११ मध्ये रक्ताचा गंभीर आजार निघाला. उपचार चालू ठेवून तो लाँचमध्ये येत राहिला. २०१३ च्या जूनमध्ये येलविरुद्धची शर्यत त्याच्या क्रूनं जिंकली, आणि २५ जूनला, ७७ व्या वर्षी, तो गेला. म्हणजे शेवटच्या सीझनलाही पाण्यावर होता, आणि त्या बोटीत बसलेली पोरं त्यानं सुरुवात केली तेव्हा जन्मलेली तर सोडाच, त्यांचे आईवडीलसुद्धा लहान असतील.

तू येत्या रविवारी पावणेसहाला घाटावर ये. लाँचमध्ये माझ्या शेजारी बस, नवीन पोरांची पंट घेणार आहे, ११ जण आहेत, त्यातल्या चौघांनी अजून ब्लेड स्क्वेअर (पातं उभं) आणि फेदर (पातं आडवं) ह्यातला फरक धरलेला नाही. वही आण. बोलायचं नाही, प्रत्येकाची एक गोष्ट लिहायची, कुठल्या हाताचं मनगट आधी वळतं, नजर कुठं असते. जॅकेट घेऊन ये, पाण्यावर गार असतं.